भर दुपारचा भीतीचा खेळ

अमरावतीच्या राजापेठेतल्या ज्या कम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथली मशिनं जुनी होती. मोठे गेम त्यांच्यावर चालायचेच नाहीत. सुरू केले की आतला पंखा घरघरायचा, थोड्या वेळानं पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद. चालायचे ते फक्त लहान गेम. अर्ध्या तासाचे, फार तर तासाभराचे, कुणीतरी घरी बसून एकट्यानं केलेले आणि इंटरनेटवर फुकट ठेवलेले. त्यातले बरेचसे भीतीचे असायचे. असं का, ते पुढे स्वतः करायला घेतल्यावर कळलं. भीतीच्या गेममध्ये माणसांची चित्रं काढावी लागत नाहीत. एक रिकामं घर, चार दारं आणि एक आवाज एवढ्यावर भागतं.

दुपारी एक ते तीन क्लास ओस पडायचा. एप्रिल-मेमध्ये अमरावतीत त्या वेळेला कुणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मालक जेवायला घरी जायचे. मी कूलरसमोरच्या मशीनवर बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि खेळायचे. मी एकोणतीस वर्षांची होते. दोन वर्षांत असे किती गेम खेळले याची मोजदाद नाही, पण प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहून ठेवायचे. आपणही एक करायचा हे मी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

या गेमांची मोठी ताकद मला पहिल्याच आठवड्यात समजली. सिनेमात नायिका तळघरात उतरते तेव्हा आपण मनात म्हणतो, अगं जाऊ नकोस. इथे उतरणारी आपणच. पडद्यावर आपला चेहरा नसतो, फार तर दार ढकलणारा एक हात दिसतो. बटणावर बोट आपलं असतं, आणि ते दाबल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. एका गेममध्ये चौघांसाठी जेवणाची पानं मांडायची होती, बाकी काही नाही. स्वयंपाकघरातून वाढून घेऊन आलं की एक खुर्ची आधीपेक्षा थोडी आत सरकलेली असायची. तेवढंच. तो गेम पंधरा मिनिटांचा होता आणि मला संध्याकाळी जेवायला बसवेना. कमी लांबीही त्याच्या फायद्याचीच होती. मोठ्या गेममध्ये आपल्याला बंदूक मिळते, दुसऱ्या तासाला भूत घरच्यासारखं वाटायला लागतं. पंधरा मिनिटांत सवय होत नाही.

उणिवाही भरपूर होत्या. खोली नीट काढता येत नाही म्हणून अंधार करायचा. भीती जमली नाही की अचानक कानठळ्या बसतील अशी किंकाळी मारायची. गोष्ट सांगता येत नाही म्हणून प्रत्येक ड्रॉवरमध्ये चिठ्ठी. मरणारा माणूस एवढं लिहीत बसेल का, असं मी वहीत तीन ठिकाणी लिहिलं आहे. आणि शेवट जवळजवळ ठरलेला: खुनी तूच होतास, किंवा तू वेडा आहेस, हे सगळं तुझ्या डोक्यात होतं. मनाचा आजार या लोकांना फार सोयीचा पडतो. त्यावर काहीही ढकलता येतं.

माझी डिप्लोमाची एक मैत्रीण अकोल्याला होती. तिच्या घरी रजया-गाद्यांचा धंदा, दुकानातच कापूस पिंजायचं मशीन. घरात उर्दू, माझ्याशी वऱ्हाडी. लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडायचं काम ती करायची आणि त्याला मनापासून कंटाळली होती. तिनंच एके दिवशी फोन करून सांगितलं, की इंटरनेटवर लहान भीतीच्या गेमची स्पर्धा आहे, महिन्याची मुदत आहे.

"करतो का?" तिनं विचारलं. आम्ही दोघी एकमेकींशी असंच बोलायचो.

"करतो," मी म्हटलं.

जागा माझ्या डोक्यात तयार होती. माझे बाबा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. म्हणजे शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस मुठीत घेऊन त्याची प्रत सांगणारा माणूस. लहानपणी दर्यापूरला त्यांचा डबा घेऊन मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात जायचे. हंगामात तिथं गाड्यांची रांग लागलेली असायची, पण उन्हाळ्यात सगळं आवार सुनसान. लांबच लांब टिनाची शेड, सरकीचा वास, आणि सावली नावालाही नाही. मी ठरवलं, खेळणाऱ्यानं त्या आवारात एकट्यानं जायचं आणि सात दारं एकेक उघडून, आत बघून, बंद करून परत यायचं. वेळ दुपारी बारा. अंधार अजिबात नको.

"दिवसाउजेडी कोण घाबरते?" मैत्रीण म्हणाली.

"मे महिन्यात भर बाराले तिथं एकटी उभी राहून पाह्य," मी म्हटलं.

ती खरंच उभी राहिली. तिच्या मामाच्या ओळखीनं अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये आम्हाला जायला मिळालं. रेकॉर्डर तापू नये म्हणून तिनं तो ओल्या रुमालात गुंडाळला होता. आम्ही शेडखाली उभ्या होतो, डोक्याला ओढण्या, घशाला कोरड. म्हातारा चौकीदार कडुलिंबाखालून बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी तो उठून आला.

"काय टेप करून राहिल्या?"

"टिन, चाचा."

"टिनाचं काय टेप करता?"

"तापलं का वाजते ना, ते."

त्यानं वर बघितलं, जरा विचार केला. "मंग एक वाजेपर्यंत थांबा. आता निसतं कुरकुरते. एक वाजता बोलते."

आम्ही थांबलो. एक वाजता त्या टिनानं जो आवाज काढला तो आमच्या गेममध्ये जसाच्या तसा आहे. वरून कुणीतरी टाच टेकत, विचार करत चालल्यासारखा. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं.

पंधरा दिवसांत पडद्यावर आवार उभं राहिलं. बाबांना दाखवलं. त्यांना माऊस धरता येईना, म्हणून मी चालवत होते आणि ते बघत होते. पडद्यावरच्या कापसाच्या ढिगाकडे बोट करून ते म्हणाले, "हा कापूस नाही. हा साबणाचा फेस आहे." मग त्यांनी समजावलं, की उघड्यावर राहिलेल्या कापसात पाल्याचा कचरा असतो, कडेला पिवळट झाक येते, आणि ढीग कधी गोल बसत नाही, एका बाजूनं खचतो. मी तो ढीग तीनदा नव्यानं केला. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

सगळं जमत होतं, फक्त शेवट नव्हता. सातव्या दारामागे काय, हे मला माहीतच नव्हतं. मुदतीला दहा दिवस उरले तेव्हा मी ते केलं ज्याच्याबद्दल इतरांना वहीत नावं ठेवत आले होते. सातवं दार उघडलं की समोर गळफास घेतलेला माणूस, आणि एकदम किंकाळी. हे मला सुचलं असं म्हणणंही खोटं ठरेल. लागोपाठ दोन सालं पावसानं दगा दिला होता, आणि पेपरच्या आतल्या पानावर दर दोन-चार दिवसांनी तशी बातमी असायची. आमच्याकडे ते पडलेलंच होतं, मी उचललं. वर मला असंही वाटलं, की आपण आपल्या भागातलं गंभीर काहीतरी मांडतो आहोत. मला त्याचा अभिमान वाटला होता. किंकाळी मैत्रिणीनं पिंजण मशीनचा आवाज ताणून, त्यात स्वतःचा आवाज मिसळून केली. ती फार चांगली झाली होती.

क्लासमधल्या मुलांना खेळायला दिलं. सातव्या दाराला एकजण खुर्चीसकट मागे सरकला. मग त्यानं दुसऱ्याला काही न सांगता बसवलं आणि तो कसा दचकतो ते बघायला बाकीचे मागे जमले. ओरडणं, मग हसणं. मी अकोल्याला फोन करून सांगितलं, आपलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये एक बाई थांबल्या होत्या. क्लासला नव्यानंच लागल्या होत्या, तिवस्याजवळच्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या गाडीनं यायच्या. वय पस्तीसच्या आसपास, माझ्यापेक्षा मोठ्या. ग्रामपंचायतीत कम्प्युटर ऑपरेटरची जागा निघणार होती, म्हणून शिकत होत्या. एका बोटानं टाइप करायच्या, पण चूक कधी व्हायची नाही. परतीची गाडी तीननंतर, म्हणून दुपारी त्या क्लासमध्येच डबा खायच्या.

"मॅडम, काल पोरं काय पाहून ओरडून राहिले होते?" त्यांनी विचारलं. "मले पाहू द्या."

मी त्यांना बसवलं, हेडफोन दिला, कोणतं बटण कशाला ते सांगितलं. त्या हळूहळू चालत होत्या. कापसाच्या ढिगाजवळ थांबल्या. टिन वाजलं तेव्हा मान वर केली आणि म्हणाल्या, "हे खरं वाटते." सहा दारं त्यांनी नीट बंद केली. मी बाजूला उभी राहून सातव्याची वाट बघत होते.

त्या दचकल्या नाहीत. दार उघडलं, किंकाळी झाली असणार, ती मला बाहेर ऐकू येत नव्हती. त्यांनी माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. पडद्यावर ते चित्र हलत राहिलं. मग त्यांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवला.

"मॅडम, असा आवाज नसते होत."

मला कळलं नाही. त्या माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "काहीच आवाज नसते होत. मी इकडं भाकरी टाकून राहिली होती. मधात एक भिंत. मले काहीच आइकू नाही आलं."

त्यांच्या प्रवेशाचा फॉर्म मीच भरून घेतला होता. त्यात पतीचं नाव होतं, आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

"ताई, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुमाले कसं माईत असन."

मी घाईघाईनं मशीन बंद करायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं. "हे तुमी काहून टाकलं?"

"लोकांनी घाबरावं म्हणून."

"मले भेव नाही वाटलं," त्या म्हणाल्या. "कसंतरी वाटलं. भेव तं नंतर वाटे." आणि मग, भाजीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात त्यांनी सांगितलं, की नवऱ्याचा शर्ट खुंटीवर होता, खिशात मोबाईल. तो नंतर महिनाभर वाजायचा. मोबाईल कंपनीचा, जाहिरातीचा फोन. टेप लावलेली बाई हसून बोलायची, रिंगच्या जागी गाणं लावून घ्या म्हणायची. "मी पुरं आइकत जाओ. त्याइच्यासाठी आला होता ना फोन."

गाडीची वेळ झाली, त्या डबा पिशवीत टाकून निघून गेल्या. मी पुढच्या बॅचला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं.

"ते काढून टाक," ती म्हणाली. "आजच."

"मग शेवट?"

"शेवट नाही तं नाही. पण ते नको."

मी ते काढून टाकलं. फाईल कुठेही जपून ठेवली नाही. मनात एकदा आलं की स्पर्धाच सोडावी. पण नुसतं सोडून देणं मला पळून गेल्यासारखं वाटलं. चूक माझी होती, ती मला त्याच आवारात, त्याच उन्हात दुरुस्त करायची होती. सात दिवस होते. मी मालकांकडून सकाळी सहाला क्लास उघडायची किल्ली मागून घेतली. मैत्रीण अकोल्याहून बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली.

दुसऱ्या दिवशी त्या बाई नेहमीसारख्या आल्या. दुपारी मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले आणि विचारलं, की तो फोन मी गेममध्ये घेऊ का. नाही म्हणालात तर नाही. त्यांनी टायपिंगचं अख्खं पान पूर्ण केलं, मग उत्तर दिलं.

"फोन टाका. माह्यं घर टाकू नका. गाव टाकू नका. आन् तो माणूस दाखवू नका."

तेवढ्या तीन गोष्टी मी वहीत लिहिल्या आणि त्यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

नव्या गेममध्ये सहाव्या दाराआड ऑफिस आहे. खुंटीवर शर्ट, खिशात फोन वाजतो. घ्यायचा की नाही ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. घेतला तर एक बाई आनंदानं गाण्याची जाहिरात करते. तो आवाज मैत्रिणीचा. पहिले कितीतरी टेक तिनं भुतासारखे केले. मी म्हटलं, भीती तू आणू नकोस, तू फक्त गाणं वीक. शेवटी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशी ती बोलली आणि मग बरोबर आलं. सातव्या दारामागे रिकामी खोली. ती बंद करायची. आणि मग फाटकापर्यंत अख्खं आवार चालत परत यायचं, चार मिनिटं. मागे फोन पुन्हा वाजायला लागतो, अंतर वाढतं तसा बारीक होतो. टिनही वाजायचं थांबतं.

या चार मिनिटांवरून आमचं भांडण झालं.

"एक तरी काही हालू दे," ती म्हणाली. "लोक झोपतीन."

"झोपू दे."

"निसतं चालणं कोण पाहीन?"

"ज्याला पाहायचं तो."

तिनं हेडफोन चढवला आणि आपलं काम पुढे सुरू केलं. दुपारचं भारनियमन सुरू झालं, मशिनं बंद पडली, आणि आम्ही दोघी गरम खोलीत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. मग तीच म्हणाली, की फोनचा आवाज मागे जाताना उजव्या कानात जरा जास्त ठेवू, म्हणजे माणसाला वळून बघावंसं वाटेल. ही कल्पना त्या गेममधली सगळ्यात चांगली आहे आणि ती तिची आहे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्या बाईंना मी विचारलं, बघायचं का. त्या बसल्या. फोन त्यांनी घेतला आणि शेवटपर्यंत ऐकला. परतताना आवाराच्या मध्यावर त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की बटण अडकलं असं वाटून मी पुढे झाले.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाहून राहिली."

मग फाटकापर्यंत गेल्या. गेम संपला. मैत्रीण दाराशी उभी होती, मी टेबलाजवळ.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण लय लवकर संपते."

"लहान गेम आहे, ताई. एवढाच करता येतो."

"मंग दुसरा करा." त्यांनी माऊस बाजूला सारला, कीबोर्ड जवळ ओढला. "माही टायपिंग घ्या आता. सोमवारी परीक्षा आहे."

स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही. खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी सगळे वाचले. काही घडतच नाही, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, आणि ते चूक नाही. एकानं लिहिलं, की फाटकापर्यंत येताना तो तीनदा मागे वळला आणि का ते त्याला सांगता येत नाही. मैत्रिणीनं ती ओळ वाचून दाखवायला मला कामावर असताना फोन केला. पण मला त्या बाईंचं बोलणं जास्त पटलं होतं. लहान गेम माणसाला भीतीच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. नंतरचे महिने, नंतरची सालं, त्यात मावत नाहीत. ही त्याची उणीव आहे, आणि ती किंकाळीनं झाकता येत नाही. एवढं मी शिकले, तेही एका परक्या बाईला दुखावून शिकले.

त्या बाई परीक्षा पास झाल्या, पावसाळ्याअखेर त्यांना ऑपरेटरची जागा मिळाली. क्लासमध्ये पेढे घेऊन आल्या, मालकांना दिले, मला दोन दिले. अजूनही एका बोटानंच टाइप करता का, असं मी विचारलं. दोन बोटांनी, असं त्या म्हणाल्या.

दुसरा गेम आम्ही दिवाळीनंतर सुरू केला. दर्यापूरच्या रस्त्यावरची प्रवासी भरून नेणारी काळी-पिवळी जीप, आत बसलेली एक बाई, आणि कुणीच उतरत नाही. याही वेळी उजेड आहे. पण आता माणसं काढावी लागतात, आणि ती काढणं अवघड म्हणूनच तर असे गेम माणसं टाळतात. जीपमध्ये अकरा प्रवासी आहेत. सध्या मी सातवा करते आहे. जीप हेलकावे खाते तसा त्याचा डावा खांदा हलत नाही, फळी ठोकल्यासारखा ताठ राहतो. तो नीट हलेपर्यंत आठव्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं आहे.